अंत्यविधी सेवेचा व्यवसाय: दुकान टाकण्याआधी शिक्षण आणि संघटना



सेवा व्यवसायांच्या मालिकेत या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय जरा वेगळा आहे: अंत्यविधी सेवा. विषय ऐकूनच काहीजण म्हणतील, "सर, ह्यात पण धंदा?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं ते इथं सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आजचा मुद्दा आधीच सांगून टाकतो. या क्षेत्रात माणसं तुमच्या माहितीचे आणि तुमच्यावरच्या विश्वासाचे पैसे देतात. माहिती येते शिक्षणातून. विश्वास टिकतो संघटनेच्या शिस्तीतून. जगात जिथं हे काम मानाचं झालं, तिथं याच दोन पायऱ्या चढून झालं. त्यातल्या शिक्षणाच्या पायरीचा एक मोठा धडा तर आपल्या कोल्हापूरनंच शंभर वर्षांपूर्वी घालून दिलाय.

१. काम जुनंच, पण तुकड्यातुकड्यांत वाटलेलं

गावगाड्यात मयताची कामं बलुतेदारांत वाटलेली होती. मडकं कुंभाराकडून. क्षौर न्हाव्याकडं. विधी कुठं ब्राह्मणाकडं, कुठं जंगमाकडं. परगावच्या पाहुण्यांना निरोप पोहोचवायचा आणि सरणासाठी लाकूड न्यायचं काम महारांवर लादलेलं. हे शेवटचं काम वतनाच्या नावाखाली सक्तीचं होतं. नको म्हणायची सोय नव्हती आणि मोबदला म्हणाल तर नावापुरता. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी महार वतन १९१८ मध्ये रद्द केलं. मुंबई राज्यात अशी कनिष्ठ गावकी वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं.

विधी सांगणाऱ्यांची गत तरी काय वेगळी होती? अंत्यविधी करणाऱ्या किरवंत ब्राह्मणांना त्यांच्याच जातीत खालचं मानलं जायचं. प्रेमानंद गज्वींचं 'किरवंत' हे नाटक याच दुखण्यावर आहे.

धंद्याच्या नजरेनं बघा. गरज प्रत्येक घराला. करणाऱ्याला मान नाही. माहिती एकेका घराण्यात अडकलेली. दर ठरलेला नाही, आणि काम चुकलं तर जाब कुणाला विचारायचा तेही ठरलेलं नाही. असं काम 'व्यवसाय' कधी होतं? जेव्हा ते शिकता येतं, शिकवता येतं आणि त्याचे नियम कुणीतरी लिहून काढतं तेव्हा.

२. कोल्हापूरची १९१३ ची शाळा

१८९९-१९०० च्या सुमारास पंचगंगेच्या घाटावरून सुरू झालेलं वेदोक्त प्रकरण तुम्ही शाळेत वाचलं असेल. राजाच्या घरचे विधी कोणत्या मंत्रांनी करायचे, हे पुरोहित ठरवत होते. म्हणजे राज्य महाराजांचं, पण एका सेवेसाठी ते पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून. आपल्या भाषेत सांगायचं तर एकच पुरवठादार, आणि तोही अडवून बसलेला.

त्यावर एक उपाय महात्मा फुल्यांनी आधीच दाखवला होता. १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज काढून त्यांनी मध्यस्थाशिवाय विधी करण्याचा आग्रह धरला. १८८७ मध्ये पूजाविधींची पुस्तिका काढली. त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये छापलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त प्रेतसंस्कार आणि श्राद्ध यांच्यावरही लिहिलेलं आहे. १८९० मध्ये जोतिराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं स्वतः सावित्रीबाईंनी धरलं होतं.

कोल्हापुरात १९११ मध्ये शाहू सत्यशोधक समाज स्थापन झाला. १९१३ मध्ये विधी शिकवणारी सत्यशोधक शाळा सुरू झाली. समाजाचे एक प्रमुख कार्यकर्ते भास्करराव जाधव यांनी 'घरचा पुरोहित' हे पुस्तक लिहिलं, म्हणजे घरच्या माणसालाच विधी करता यावेत. पुढं १९२० मध्ये शिवाजी वैदिक विद्यालय आणि क्षात्रजगद्गुरूचं पीठ आलं.

हा सगळा लढा सामाजिक होता, त्याला मी धंदा म्हणत नाही. पण रचना बघा: आधी संघटना, मग शाळा, मग पुस्तक. पिढ्यानपिढ्या घराण्यात बंद असलेली माहिती वर्गात आली आणि छापून बाहेर पडली. मूळची मक्तेदारी मोडली ती यामुळं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी आज स्त्री-पुरुष दोघांनाही पौरोहित्य शिकवते आणि अर्थ सांगून संस्कार करते. ती वाट इथूनच पुढं जाते, असं मला वाटतं.

३. अमेरिका: संघटनेची दोन्ही तोंडं

आता जरा लांब जाऊ, कारण हा व्यवसाय कायद्याच्या आणि कॉलेजच्या चौकटीत सगळ्यात आधी बसला तो अमेरिकेत.

तिथंही सुरुवात तुकड्यांतूनच झाली. शवपेटी करायचा सुतार, गाडी द्यायचा तबेलेवाला. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात लांब मेलेल्या सैनिकांचे देह घरी पाठवायचे म्हणून देह टिकवण्याची रासायनिक पद्धत, म्हणजे एम्बामिंग, वाढली. आता हे काम शिकलेल्या माणसाचं झालं. १८८२ या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या: अंत्यविधी व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि सिनसिनाटीत एम्बामिंग शिकवणारी शाळा निघाली. १८९४ मध्ये व्हर्जिनिया राज्यानं परवाना मंडळ नेमलं आणि हळूहळू इतर राज्यांनीही तेच केलं. ब्रिटनमध्ये १९०५ मध्ये संघटना झाली. जपानमध्ये १९९६ पासून या कामाची परीक्षा आहे. दक्षिण कोरियात २०१२ पासून सरकारी प्रमाणपत्र आहे आणि त्यासाठी ३०० तासांचं प्रशिक्षण लागतं.

फायदा झाला का? झाला. काम स्वच्छ झालं, माणसाला ओळख मिळाली, पोरं अभिमानानं या कामात उतरू लागली.

पण दुसरी बाजूही लिहून घ्या. परवाना आणि संघटना हातात आल्यावर दारं बंद झाली आणि बिलं फुगली. दुःखात बुडालेलं कुटुंब घासाघीस करत नाही, हे सगळ्यांना कळलं होतं. १९६३ मध्ये जेसिका मिटफर्ड यांच्या 'द अमेरिकन वे ऑफ डेथ' या पुस्तकानं त्यावर बोट ठेवलं आणि मोठी खळबळ माजली. शेवटी १९८४ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाचा नियम लागू झाला: प्रत्येक वस्तूचा आणि सेवेचा वेगळा दर लेखी द्या, आणि गिऱ्हाइकाला हवं तेवढंच घेऊ द्या.

म्हणजे व्यवसायाला शंभर वर्षं झाली तरी दरपत्रक आपणहून दिलं गेलं नाही, सरकारला सक्ती करावी लागली. कोल्हापूरच्या शाळेनं माहिती उघडी केली. अमेरिकेतल्या संघटनेनं माहिती वाढवली, पण दर झाकून ठेवले. तुम्हाला संघटना काढायची असेल तर या दोन्हींतून काय घ्यायचं आणि काय टाकायचं, हे आधी ठरवा.

४. आपल्याकडं आज काय चाललंय?

भारतात या कामासाठी अमेरिकेसारखा वेगळा व्यावसायिक परवाना किंवा सक्तीचं शिक्षण नाही. तरी कंपन्या आल्यात. कोलकात्यात २०१६ मध्ये 'अंत्येष्टी' सुरू झाली. मुंबईच्या 'सुखांत फ्युनरल मॅनेजमेंट'चा स्टॉल नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात होता. सजवलेल्या तिरडीसह त्याचा फोटो मोबाइलवर सगळीकडं फिरला. लोक हसले, चिडलेही. पण एक प्रश्न मागं राहिला: मुलं परदेशात आणि आई-वडील एकटे, अशा घरात खांदा द्यायला चार माणसं कुठून आणायची?

कोल्हापुरात तुम्ही म्हणाल, "आमच्याकडं अजून पेठ जागी आहे." खरंय. तालमीची, तरुण मंडळाची पोरं निरोप मिळताच गोळा होतात. कामट्या, सुतळी, मडकं सगळं येतं. माणसं कामधंदा सोडून मातीला येतात. शिवाय महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, आणि होळी जवळ आली की 'होळी लहान करा, शेणी दान करा' म्हणून शहर पंचगंगा स्मशानभूमीला शेणी देतं. अशी सोय फार थोड्या शहरांत आहे.

म्हणून पहिला नियम: जे शहर फुकट देतं ते विकू नका. लाकूड-शेणीचं पॅकेज काढून कोल्हापुरात बसलात तर धंदाही होणार नाही आणि नावही जाईल.

मग पोकळी कुठं आहे? पेठेबाहेरच्या नव्या अपार्टमेंटमध्ये, जिथं शेजारी एकमेकांना ओळखत नाहीत. पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून पोरगा येईपर्यंत देह ठेवायचा असतो तिथं. एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरात. आणि कागदपत्रांत, कारण तिथं तालमीच्या पोरांनाही काही सुचत नाही. कोविडच्या काळात घरचे लोक जवळ येऊ शकत नव्हते, तेव्हा पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी हे काम उचललं. माहितीचा माणूस जवळ असण्याची किंमत तेव्हा सगळ्यांनाच कळली.

५. तुमचा अभ्यासक्रम

कॉलेज नाही म्हणून अडून बसू नका. खालचे पाच विषय स्वतः शिका आणि लिहून काढा. हेच तुमचं खरं भांडवल आहे.

कागद. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, आणि वर्ष उलटलं तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जातं. दवाखान्यात मृत्यू झाला तर कारणाचा दाखला नमुना ४ मध्ये मिळतो. घरी झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नमुना ४-अ घ्यायचा. अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर आधी पोलीस आणि शवविच्छेदन. तिथं तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. आणि नावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी जुळवून घ्या. एका अक्षराच्या फरकानं विमा, पेन्शन आणि बँक, तीनही ठिकाणी घरच्यांचे हेलपाटे होतात.

देहाची काळजी. शीतपेटी कशी लावायची, हातमोजे, स्वच्छता, जिन्यातून देह सन्मानानं कसा उतरवायचा. एम्बामिंग प्रशिक्षित वैद्यकीय माणसाचंच काम आहे. तुम्ही फक्त ते कुठं होतं आणि विमानानं देह न्यायला कोणते दाखले लागतात, हे माहीत ठेवा.

रीतिरिवाज. एकाच गल्लीत दहा रीती असतात. मराठा घरात तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, पुढं उत्तरकार्य. लिंगायतांत दफन आणि जंगमांचा मान. मुस्लिमांत गुस्ल, कफन, जनाजाची नमाज. बौद्धांत त्रिशरण-पंचशील आणि पुण्यानुमोदन. ख्रिस्ती घरात पेटी आणि प्रार्थना. ज्या समाजाची स्वतःची व्यवस्था आहे, तिथं त्यांच्या जाणत्या माणसाला विचारून चाला. तुमची वही ही त्यांच्या सांगण्याची नोंद असते, तिला हुकूम समजू नका.

ठिकाणं. पंचगंगेला मोठा पूर आला की नदीकाठच्या स्मशानभूमीत पाणी शिरतं. मग कसबा बावडा, कदमवाडी, बापट कॅम्प यांपैकी कुठं सोय चालू आहे, हे तुम्हाला फोनवर पाच मिनिटांत सांगता आलं पाहिजे.

बोलणं. कमी बोला. "काय पॅकेज घेणार?" असं विचारायचं नाही. "पाहुणे कुठून यायचेत? किती वाजता न्यायचं ठरलंय?" हे दोन प्रश्न विचारले की निम्मं काम कळतं. निधन वार्ता लिहायला मदत करा. रक्षाविसर्जनाची वेळ आणि ठिकाण दोनदा वाचून दाखवा. वृत्तपत्रात चुकीची वेळ छापली गेली तर घरच्यांना ती आयुष्यभर टोचते.

६. हिशेब: एकटे की एकत्र?

आता आकडे. हे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या बाजारातले दर तुम्ही काढा.

समजा शीतपेटी ६०,००० रुपयांना पडली आणि पाच वर्षं चालली. महिन्याला दोन वेळा वापरली तर पाच वर्षांत १२० वेळा. म्हणजे प्रत्येक वेळेला पेटीचाच खर्च ५०० रुपये. त्यात टेम्पो ४००, दोन माणसं ६००, सफाई १०० धरा. एकूण १,६०० रुपये, आणि यात तुमचा मोबदला अजून धरलेलाच नाही.

आता चार व्यावसायिकांनी मिळून एकच पेटी घेतली आणि महिन्याला ती आठ वेळा गेली. पाच वर्षांत ४८० वेळा. पेटीचा खर्च १२५ वर आला, एकूण १,२२५. दर वेळी ३७५ रुपये वाचले. हे पैसे कुटुंबाचा दर कमी करायला वापरा, किंवा रात्रीच्या फोनला माणूस ठेवायला. संघटनेचं पहिलं काम हे इतकं साधं असू शकतं.

कराचं बघू. अंत्यसंस्कार, दफन, स्मशानभूमी, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. म्हणजे त्यांच्यावर जीएसटी लागत नाही. पण सुटं सामान विकलं, उत्तरकार्याचं जेवण किंवा हॉल दिला तर गोष्ट वेगळी. ते तुमच्या सीएंना विचारून बिलात वेगळं दाखवा. कामगारांची संख्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्याखाली फक्त व्यवसायाची सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणीही करून घ्या.

७. संघटना काढायची तर अशी

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात. नोंदणी धर्मादाय आयुक्त कार्यालयात. सातजण कोण असावेत? शववाहिका चालवणारे, सामानाचे दुकानदार, विधी सांगणारे, फुलवाले. आणि एक आग्रह धरतो: स्मशानभूमीत प्रत्यक्ष काम करणारा माणूस त्यात हवाच. सगळ्यात जास्त माहिती त्याच्याकडं असते आणि सगळ्यात कमी मान त्यालाच मिळतो. त्याला सतरंजीवर न बसवता केलेली संघटना म्हणजे जुना गावगाडाच, फक्त लेटरहेड नवं.

नियमावलीत पाच कलमं तरी असू द्या:

• प्रत्येक सभासद आपलं लेखी दरपत्रक दाखवेल, वस्तू आणि सेवा सुट्या लिहून.
• दवाखान्याच्या दारात गिऱ्हाईक शोधायचं नाही. वॉर्डबॉय किंवा ड्रायव्हरला कमिशन द्यायचं नाही.
• पालिकेकडून काय मोफत मिळतं ते कुटुंबाला आधी सांगायचं.
• रात्रीची पाळी वाटून घ्यायची, फोन कुणीतरी उचललाच पाहिजे.
• महिन्यातून एकदा शिकण्याची बैठक. डॉक्टर, नोंदणी कार्यालयातले निवृत्त कर्मचारी, वेगवेगळ्या समाजांचे जाणते लोक यांना बोलवायचं.

एक धोक्याची सूचना. "सगळ्यांनी एकच दर ठेवू" असा ठराव करू नका. स्पर्धा कायदा २००२ नुसार व्यावसायिकांनी संगनमतानं दर ठरवणं बेकायदेशीर आहे, संघटनेच्या नावानं केलं तरी. दर ज्यानं त्यानं ठरवायचा. दर उघडा ठेवायचा, एवढा नियम संघटनेचा.

८. "ह्यात पण धंदा?" याचं उत्तर

दुःखाचा फायदा घेतला तर ती लूट. दुःखातल्या माणसाची धावपळ वाचवली आणि आधी सांगितलेलाच दर घेतला, तर तो व्यवसाय. डॉक्टरही आजारी माणसाकडून फी घेतो, आपण त्याला नावं ठेवत नाही, कारण तो शिकलेला असतो आणि त्याच्यावर नियमांचा लगाम असतो. हे दोन्ही तुमच्याकडं असले की तुम्हालाही मान खाली घालायचं कारण नाही.

गृहपाठ

या आठवड्यात तीन गोष्टी करा.

१. आपल्या भागाच्या नोंदणी कार्यालयात जाऊन मृत्यू नोंदीचे नमुने, वेळ आणि शुल्क लिहून आणा. पालिकेच्या आरोग्य विभागात आज नेमकं काय मोफत आहे तेही विचारा, कारण नियम बदलतात.

२. स्मशानभूमीत काम करणाऱ्या एका माणसाशी अर्धा तास बोला. फोटो काढू नका. त्याला येणाऱ्या तीन अडचणी लिहा.

३. एका पानाचं दरपत्रक तयार करा. डावीकडं सेवा, उजवीकडं दर, खाली "हे पालिकेकडून मोफत मिळतं" अशी यादी. ते घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला वाचायला द्या. त्यांना एकही प्रश्न न विचारता सगळं कळलं तर तुमचं पहिलं काम झालं.

पुढच्या व्हिडिओत हेच दरपत्रक घेऊन खर्च आणि नफा कसा बसवायचा ते फळ्यावर मांडू. तोपर्यंत वही भरून ठेवा.